आकाश उघडलं म्हणजे नेमकं काय उघडलं?

पंखवेडा (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कुणीतरी जाताजाता लिहून गेलं होतं, “विमानं स्वस्त झाली, पर्यटन वाढलं. यात चर्चा ती काय करायची?” त्या एका ओळीत मधली सगळी गंमत गडप झाली, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पैसे मोजले की तिकीट मिळतं, म्हणून आपल्याला वाटतं की विमानप्रवास हा पहिल्यापासून इतर धंद्यांसारखाच एक धंदा. तसं नव्हतं. १९४४ च्या अखेरीस, महायुद्ध चालू असतानाच, ५२ देशांचे प्रतिनिधी शिकागोत जमले. तिथे झालेल्या कराराचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या त्या देशाची संपूर्ण आणि एकट्याची सत्ता. सहावं कलम सांगतं की दुसऱ्या देशात नियमित विमानसेवा न्यायची तर त्या देशाची खास परवानगी हवी. म्हणजे मूळ नियमच ‘बंद’ असा. जे काही उघडलं ते नंतर, दोन-दोन देशांनी समोरासमोर बसून, घासाघीस करून.

१९४६ चा ब्रिटन-अमेरिका यांच्यातला बर्म्युडा करार हा या घासाघिशीचा नमुना ठरला. पुढे जगभर असे शेकडो द्विपक्षीय करार झाले. कुठल्या शहरातून कुठल्या शहरात, कुणाच्या कंपनीने, आठवड्याला किती फेऱ्या, सगळं त्यात. भाडी ठरायची आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) बैठकांत, म्हणजे कंपन्याच एकत्र बसून ठरवायच्या आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. भाड्यात स्पर्धा नाही, मग स्पर्धा कशात? १९५८ मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी वर्ग सुरू झाला तेव्हा नियम होता की या वर्गाला साधं, थंड सँडविचच द्यायचं. स्कँडिनेव्हियन कंपनीने आपल्या पद्धतीचं उघडं सँडविच दिलं, वर भरपूर काय काय रचून. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने तक्रार ठोकली की हे सँडविच नव्हे, हे जेवण आहे! सँडविच कशाला म्हणायचं यावर मोठमोठ्या कंपन्यांची माणसं खरोखर वाद घालत बसली होती.

अशा जगातून आपण इथवर आलो. पण माझं म्हणणं असं आहे की ‘आकाश मोकळं झालं’ हे अर्धंच खरं. दारं एकेक करून उघडली, काही अजून बंद आहेत, आणि पर्यटक कुठे पोचले, पैसा कुणाच्या खिशात गेला, हे कुठलं दार उघडलं आणि कुठलं नाही यावरून ठरलं. वाचणाऱ्यांत या धंद्यातले काही जण आहेत हे मला ठाऊक आहे. लिहा. (आपल्याकडच्या विमानतळांची उणीदुणी इथे नकोत, त्यासाठी आधीच दोन धागे वाहताहेत.)

हिशेबनीस

छान धागा. अमेरिकेचं मी लिहितो, कारण सुरुवात तिथून झाली.

तिथे देशांतर्गत सेवेवर १९३८ पासून सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचा, म्हणजे कॅबचा, ताबा होता. कोण कुठे उडेल आणि किती भाडं घेईल, दोन्ही बोर्ड ठरवणार. चाळीस वर्षांत या बोर्डाने एकाही नव्या कंपनीला मुख्य मार्गांवरची मोठी कंपनी म्हणून येऊ दिलं नाही. एकालाही नाही! पण कॅबचा अंमल चाले राज्याराज्यांमधल्या सेवेवर. कंपनी एकाच राज्याच्या आत उडत असेल तर कॅबला तिथे बोलायचा अधिकार नव्हता. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्कोचं भाडं पूर्व किनाऱ्यावरच्या जवळपास तेवढ्याच अंतराच्या भाड्याच्या निम्मं. तीच विमानं, तेच इंधन. नियमन काय किमतीला पडतंय हे सांगायला याहून चांगला प्रयोग कुणी मुद्दाम रचूनही झाला नसता.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड कान १९७७ मध्ये कॅबचे अध्यक्ष झाले. विमानं म्हणजे पंख लावलेला सीमांत खर्च (आणखी एक नग पुरवायला लागणारा जादा खर्च), असं म्हणणारा माणूस! २४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियमनमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि १९८५ येता येता कॅबच बंद झालं. सरकारी खात्याने स्वतःचं दुकान स्वतःच गुंडाळल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महागाई वजा केली तर भाडी १९७८ च्या आधीही उतरतच होती. जेट विमानं आली, ती मोठी झाली, दर आसनामागचा खर्च घटला. त्यामुळे ‘सगळी स्वस्ताई सुधारणेमुळे’ असा आलेख कुणी दाखवला तर त्याची डावी बाजू कापलेली नाही ना, ते आधी बघा.

टिटवी

आणि ब्रॅनिफ? ईस्टर्न? पॅन ॲम? ब्रॅनिफ १९८२ मध्ये बसली, बाकीच्या दोघी १९९१ मध्ये. पीपल एक्सप्रेस जिचं इतकं कौतुक झालं ती सहा वर्षंही टिकली नाही. शेवटी मूठभर मोठ्या कंपन्याच उरल्या. मग चार दशकांच्या या खटाटोपात कमावलं कुणी?

हिशेबनीस

टिटवी, प्रवाशाने कमावलं. निदान मोठ्या शहरातल्या तरी. कंपनी बुडाली म्हणजे सेवा बुडाली असं नसतं, विमान दुसरं कुणीतरी उडवतं.

छोट्या गावाचं दुखणं वेगळं. दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ४५ मार्ग लागतात. त्यातल्या एका शहराचा अड्डा केला, सगळे प्रवासी तिथे आणून बदलायला लावले, तर ९ मार्गांत काम भागतं. मोकळीक मिळाल्यावर सगळ्या मोठ्या कंपन्या या अड्ड्यांकडे वळल्या. फायदा असा की आडबाजूच्या शहरालाही एका बदलात कुठेही जाता येऊ लागलं. तोटा असा की त्या अड्ड्यावर एकाच कंपनीचं राज्य झालं, आणि तिथल्या लोकांना तिचीच भाडी भरावी लागली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल जमवायची (जितके उडाल तितके मैल खात्यात, पुढे त्यावर फुकट तिकीट) योजना काढली, ती याच काळातली. भाड्यात स्पर्धा आली की कंपन्या गिऱ्हाईक बांधून ठेवायचे दुसरे दोर शोधतात.

अगदीच लहान गावांसाठी १९७८ च्याच कायद्यात सरकारी मदतीची योजना ठेवली होती, दहा वर्षांपुरती. ती अजून चालू आहे.

नकाशेवाला

मी काही वर्षं एका विमान कंपनीत मार्ग ठरवणाऱ्या विभागात होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं काही केलंही नाही.

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही पर्यटनस्थळांची यादी घेऊन बसतो. आम्ही बसतो विमान घेऊन. विमान सकाळी सहाला निघून रात्री अकराला परत तळावर आलं पाहिजे, मधल्या सतरा तासांत त्याला जास्तीत जास्त हवेत ठेवायचं, एवढाच खेळ. जमिनीवर उभं विमान भाडेपट्टा खातं, कमवत काहीच नाही. दिवसाला सहा उड्डाणं करणाऱ्या विमानाचा दर थांब्याला अर्धा तास वाचला तर अडीच तास हाताशी येतात, आणि जवळचा मार्ग असेल तर त्यात एक आणखी जाऊन-येऊन फेरी बसते. ही फेरी जवळपास फुकटची, कारण विमानाचा हप्ता तुम्ही आधीच भरलेला असतो. स्वस्त तिकिटाचा बराचसा जन्म इथे होतो, बिस्किटं बंद केल्याने नाही!

१९७२ मधली साउथवेस्टची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. ती तेव्हा फक्त टेक्सास राज्यात उडायची, म्हणजे हिशेबनीस म्हणाले तशी कॅबच्या कक्षेबाहेर. चार विमानं होती, पैसे संपले, एक विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवायचं होतं. मग ठरलं, दहा मिनिटांत विमान रिकामं करून, भरून, परत सोडायचं. आणि जमवलं त्यांनी. पुढे जगातल्या सगळ्या स्वस्त कंपन्यांनी हाच धडा गिरवला, फक्त दहाची पंचवीस मिनिटं झाली.

आता पर्यटनाशी याचा संबंध. मोठ्या विमानतळावर पंचवीस मिनिटांत विमान वळत नाही, रांगेतच तेवढा वेळ जातो. म्हणून आम्ही शोधायचो रिकामे, आडबाजूचे विमानतळ, जुने लष्करी तळ असले तर उत्तमच. त्या गावाचे लोक हात जोडून उभे. शुल्क माफ, जाहिरातीला पैसे, नव्या मार्गाला बक्षीस. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने बेल्जियमच्या शार्लरॉ विमानतळाने रायनएअर या स्वस्त आयरिश कंपनीला दिलेल्या सवलतींवर निर्णय दिला, काही चालतील, काही परत करा म्हणून. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तो भाग वेगळा. पण त्यातून एक कळलं की हा ‘खुला बाजार’ कितीतरी ठिकाणी गावाच्या पैशावर चालला होता.

आणि एक कबुली. असा मार्ग बंद करायला आम्हाला एक बैठक पुरायची. गावाने त्याच्या भरवशावर हॉटेलं बांधलेली असायची. विमान दुसऱ्या देशात हलवता येतं, हॉटेल नाही.

मुक्ताई_

वाचतेय. शेवटच्या परिच्छेदाला +१.

सहलवाली

पंखवेडा, तुमच्या गोष्टीत एक मागचं दार राहिलं. चार्टर.

द्विपक्षीय करारांनी बांधलेली होती नियमित सेवा. अनियमित सेवेला, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेऊन प्रवाशांचा गट नेण्याला, नियम बरेच सैल होते. युरोपातल्या देशांनी तर १९५६ मध्ये पॅरिसला वेगळा करार करून ते आणखी सैल केले. १९५० मध्येच व्लादिमीर राइट्झ यांनी लंडनहून कॉर्सिकाला विमान नेऊन तंबूतल्या मुक्कामासकट सहल विकली होती. त्यानंतर स्पेनचा किनारा, मायोर्का, ग्रीक बेटं, सगळीकडे तोच मार्ग. म्हणजे युरोपात आकाश ‘उघडायच्या’ तीस-चाळीस वर्षं आधीच सामान्य माणूस समुद्रावर पोचला होता, पण पॅकेजच्या पोटात बसून. पॅकेज हा शब्द आज नुसता सोयीचा वाटतो. तेव्हा ती पळवाट होती. ब्रिटनमध्ये तर नियम असा होता की हॉटेल धरून सहलीची एकूण किंमत नियमित विमानाच्या नुसत्या परतीच्या तिकिटापेक्षा कमी ठेवायची नाही! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो गेला.

नियमित सेवा मोकळी झाली तसं हे पॅकेज उसवलं. युरोपीय समुदायाने तीन टप्प्यांत नियम काढले, १९८७, १९९० आणि १९९२. तिसरा टप्पा १९९३ पासून लागू झाला आणि एप्रिल १९९७ पासून एका सदस्य देशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या आतही उडू शकली. मग माणसं विमान इथून, खोली तिथून, गाडी आणखी कुठून अशी घ्यायला लागली. आमच्यासारख्यांचं काम आटलं. मी त्याबद्दल रडत नाही, ज्याला जे स्वतः जमतं ते त्याने करावं.

रड आहे ती वेगळी. काही वर्षांपूर्वी माझा ३४ जणांचा गट परतीच्या आदल्या रात्री अडकला, कारण ज्या कंपनीची तिकिटं होती तिने रात्रीतून दिवाळं जाहीर केलं. सकाळी विमानतळावर तिच्या खिडकीवर एक कागद डकवलेला, ‘उड्डाणं रद्द, कृपया विमानतळावर येऊ नये.’ विमानतळावर उभं राहून ते वाचायचं! गटातले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “येऊ नये, हे सांगायला कुठे यायचं होतं?” मी सुटी तिकिटं काढली होती, त्यामुळे त्या दिवशी परतीची सगळी तिकिटं नव्याने, खिशातून. त्याच कंपनीबरोबर पूर्ण पॅकेज घेतलेल्या लोकांना मात्र त्यांच्या देशाच्या हमी निधीतून परत नेलं. जुन्या बंदिस्त काळातलं ते एक कवच, आम्हीच उतरवून ठेवलेलं.

पंखवेडा

सहलवाली ताई, चार्टरची भर अगदी बरोबर, माझ्याकडून राहिलंच. आजोबांना माझा नमस्कार.

दार उघडल्यावर काय होतं ते जवळून बघायला मला दोन-तीन मार्ग आवडतात.

एक, डब्लिन-लंडन. ब्रिटन-आयर्लंडने १९८६ मध्ये, युरोपच्या आधी, आपापसात नियम सैल केले. तोवर दोन सरकारी वळणाच्या कंपन्यांत वाटून घेतलेला मार्ग. रायनएअर आली, भाडं जवळपास निम्म्यावर आलं, आणि १९८५ नंतरच्या चार वर्षांत प्रवासी दुपटीच्या वर गेले. यातले किती जण पर्यटक होते? मला वाटतं निम्मं उत्तर तिथेच आहे. कामासाठी परदेशी गेलेली माणसं घरी जास्त वेळा जाऊ लागली. पर्यटनाच्या आकडेवारीत आई-वडिलांना भेटायला जाणाराही ‘पर्यटक’च धरतात, पण तो हॉटेलात उतरत नाही.

दोन, क्वालालंपूर-सिंगापूर. तासाभराचा मार्ग, आणि अनेक दशकं दोन देशांच्या दोन राष्ट्रीय कंपन्यांची मक्तेदारी. अंतराच्या मानाने भाडं डोळे पांढरे करणारं. २००८ च्या फेब्रुवारीत स्वस्त कंपन्यांना मोजक्या फेऱ्या दिल्या, डिसेंबरात पूर्ण मोकळीक. आज तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांत मोडतो. म्हणजे मागणी होतीच, नुसती दाबून ठेवली होती.

तीन, मोरोक्को. सरकारने आधी पर्यटनाचं उद्दिष्ट ठरवलं, २०१० पर्यंत एक कोटी पर्यटक. आणि मग त्यासाठी आकाश उघडलं, २००६ मध्ये युरोपीय संघाशी करार करून. २००१ मध्ये साधारण ४४ लाख आलेले, २०१० मध्ये ९३ लाख. उद्दिष्ट थोडक्यात हुकलं, पण दुप्पट झाले. क्रम महत्त्वाचा आहे इथे. बहुतेक देश करार विमान खात्याच्या हातात ठेवतात आणि ते खातं आपल्या राष्ट्रीय कंपनीची राखण करतं. मोरोक्कोत पर्यटनाने आधी बोलायचं ठरवलं.

नियमनाचा कळस मात्र ऑस्ट्रेलियात. दोनच कंपन्या कायद्याने ठेवलेल्या, ॲन्सेट आणि टीएए. दोघींची विमानं सारखी, भाडी सारखी, आणि सुटायच्या वेळाही जवळपास सारख्या! १९९० मध्ये ते संपलं. लगेच कंपास नावाची नवी कंपनी आली, वर्षभरात बुडाली. (टिटवी, हे तुमच्या बाजूचं उदाहरण मीच दिलं, नोंद घ्यावी.)

टिटवी

नोंद घेतली. बिल पाठवते.

निवृत्त_नियंत्रक

सगळे वर बघून बोलताहेत. मी आयुष्यभर रडारच्या पडद्यावर बघितलं, म्हणून थोडं खालचं लिहितो.

करारात ‘फेऱ्यांवर मर्यादा नाही’ असं लिहिल्याने धावपट्टी लांब-रुंद होत नाही. एका धावपट्टीवर दोन विमानांत किती अंतर ठेवायचं हे पुढच्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यांवरून ठरतं, मंत्र्यांच्या सहीवरून नाही. गर्दीच्या विमानतळावर उतरायची-सुटायची वेळ, म्हणजे स्लॉट, हीच खरी परवानगी. आणि ती जुन्या कंपन्यांकडे वारशासारखी असते. नियम असा की हंगामात ८० टक्के वापरली तर पुढच्या हंगामात तुमचीच. त्यामुळे नवा कितीही स्वस्त उडवायला तयार असला तरी तो उतरणार कुठे?

लंडनचं हीथ्रो बघा. १९७७ चा दुसरा बर्म्युडा करार सांगत होता की तिथून अमेरिकेला दोन अमेरिकन आणि दोन ब्रिटिश कंपन्याच. २००८ मध्ये युरोप-अमेरिका करार लागू झाला, ती अट गेली, कागदावर कुणीही येऊ शकतं. पण स्लॉट विकतच घ्यावा लागतो. २०१६ मध्ये ओमान एअरने स्लॉटच्या एका जोडीसाठी (एक उतरायची, एक सुटायची वेळ) ७.५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. एवढे पैसे प्रवाशाकडूनच वसूल होणार.

दुसरा किस्सा टेक्सासचा. १९७८ मध्ये देशभर मोकळीक दिली आणि १९७९ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, खास कायदा करून डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरून टेक्सास आणि शेजारची राज्यं सोडून मोठ्या विमानांनी नियमित उडायचं नाही असं ठरवलं. कारण पलीकडे नवा मोठा विमानतळ बांधला होता, त्याचे पैसे निघायला हवे होते. ते बंधन पूर्ण सुटायला २०१४ उजाडलं.

सुरक्षेचा प्रश्न कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. लोक म्हणायचे की भाड्याची मारामारी सुरू झाली की देखभालीत काटकसर होणार. एकंदरीत तसं झालं नाही, अपघातांचं प्रमाण घटतच गेलं, कारण भाड्यावरचं नियमन काढलं तरी उड्डाणयोग्यतेचं काढलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. मात्र मोठ्या कंपन्यांनी छोटे मार्ग स्वस्त उपकंत्राटदारांना दिले, तिथे फटी पडल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ पडलेल्या विमानावर मोठ्या कंपनीचं नाव रंगवलेलं होतं, वैमानिक उपकंत्राटदाराचे होते, थकलेले आणि कमी पगाराचे. त्यानंतर सहवैमानिकालाही १५०० तासांच्या अनुभवाची अट आली.

आमच्या बिरादरीबद्दल एकच. १९८१ मध्ये अमेरिकेत संपावर गेलेल्या अकरा हजारांवर हवाई वाहतूक नियंत्रकांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी घरी पाठवलं. उड्डाणं वाढायची होती त्याच काळात माणसं कमी केली. असो, जुनी जखम आहे.

कोरडी_विहीर

धागा माहितीपूर्ण आहे पण एक बाजू येतच नाहीये. जिथे जायचं त्या जागेचं काय?

आइसलँड. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत पाहुणे, २०१८ मध्ये २३ लाख, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाख! चलन पडलं होतं, ज्वालामुखीने फुकट जाहिरात केली, हे सगळं मान्य, पण युरोपच्या सामायिक विमानबाजारात असल्याशिवाय एवढी विमानं आलीच नसती. अटलांटिकच्या मधोमध थांबा, तिकीट स्वस्त, दोन दिवस उतरा आणि पुढे जा. मार्च २०१९ मध्ये तिथली स्वस्त कंपनी वॉव एअर बुडाली आणि त्या वर्षी पाहुणे साधारण सातव्या हिश्श्याने घटले. एका कंपनीच्या ताळेबंदावर देशाचं पर्यटन हलतं.

व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरोंचं प्रवेशशुल्क लावलं. शहराला तिकीट! आणि विमानाच्या इंधनावर मात्र आंतरराष्ट्रीय उड्डाणांत कर जवळजवळ कुठेच नाही. शिकागो कराराच्या २४ व्या कलमाने विमानाच्या टाकीतलं इंधन सीमाशुल्कातून वगळलं, आणि पुढच्या द्विपक्षीय करारांनी भरून दिलेल्या इंधनालाही तीच माफी दिली. रेल्वेने जाणाऱ्याला ही सवलत कोण देतं? तिकीट स्वस्त झालं नाही, त्यातला काही हिस्सा दुसऱ्यांच्या माथी गेला.

हिशेबनीस

इंधनाचा मुद्दा मान्य. पण व्हेनिसचा दोष विमानाच्या माथी पूर्ण मारू नका, दिवसभरासाठी येणारे रेल्वेने, बसने, जहाजानेही येतात.

कोरडी_विहीर

पूर्ण नाही मारला. मापात मारला.

लांबचा_पल्ला

मी कामानिमित्त आफ्रिकेत बराच फिरलो आहे. गर्दीचं दुःख ऐकताना मला तिथलं उलटं दुःख आठवतं. खंडाच्या पश्चिमेकडच्या एका राजधानीतून पूर्वेकडच्या राजधानीत जायचं होतं. मिळालेलं सोयीचं तिकीट उत्तरेला दुसऱ्या खंडात नेऊन, रात्रभर बाकावर बसवून, परत खाली आणणारं. शेजारी बसलेले गृहस्थ एका देशातून लगतच्या देशात निघाले होते, तेही त्याच वाटेने! त्यांनी वहीत पारगमन व्हिसांची यादी ठेवली होती, कुठल्या विमानतळावर किती तास बसू देतात त्याची.

आणि हे कागद नाहीत म्हणून नाही. १९९९ मध्येच आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो इथे आफ्रिकी देशांनी एकमेकांना आकाश मोकळं करायचं ठरवलं. २०१८ मध्ये पुन्हा २३ देशांनी सामायिक बाजार जाहीर केला. सह्या झाल्या, अंमलबजावणी रेंगाळली. प्रत्येकाला आपली तोट्यातली राष्ट्रीय कंपनी वाचवायची. वर कर आणि विमानतळाची शुल्कं इतकी की तिकिटाचा मोठा वाटा तोच. त्यामुळे टिटवी आणि विहीर यांना सांगावंसं वाटतं की बंद दाराचीही किंमत असते. ती भरणारा माणूस कुठल्या आकडेवारीत येत नाही, कारण त्याने प्रवासच केलेला नसतो.

टिटवी

हे पटलं. मनापासून.

नकाशेवाला

अजून एक कुलूप कुणी काढलं नाही. मालकी. जवळजवळ प्रत्येक करारात अट असते की कंपनीची मालकी आणि ताबा त्या त्या देशाच्या नागरिकांकडे हवा. अमेरिकेत परक्यांना मतदानाचा हक्क असलेले २५ टक्केच शेअर, युरोपीय संघात ४९ टक्के. पोलाद, मोटारी, बँका, सगळ्यांत सीमापार विलीनीकरणं होतात, विमान कंपन्या मात्र ‘युती’ करून बसतात, त्याचं कारण हे. १९९२ मध्ये नेदरलँड्सने अमेरिकेशी पहिला खुल्या आकाशाचा (मार्ग, फेऱ्या यांवर मर्यादा नसलेला) करार केला तेव्हा त्या बदल्यात तिथल्या केएलएम आणि अमेरिकेच्या नॉर्थवेस्टला मिळून भाडी ठरवायची मुभा मिळाली. म्हणजे स्पर्धा वाढवायच्या कराराचं पहिलं फळ, दोन स्पर्धक एकत्र!

सहलवाली

नेदरलँड्सचं निघालंच म्हणून. ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावरच्या उड्डाणांवर मर्यादा घालायचं प्रकरण शेवटी कुठे अडकलं?

पंखवेडा

तिथल्या सरकारने २०२२ मध्ये ठरवलं की वर्षाला पाच लाख उड्डाणांवरून ४ लाख ४० हजारांवर आणायचं. कारण आवाज, शेजारच्या वस्त्यांची झोप. कंपन्या कोर्टात गेल्या. अमेरिकेची जेटब्लू नुकतीच २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथे उडायला लागली होती, तिला पुढच्या उन्हाळ्याचे स्लॉट नाकारले गेले. नवी असल्याने तिच्याकडे वारसा नाही, म्हणजे पहिली गच्छंती तिचीच (नियंत्रक साहेबांचा मुद्दा). तिने अमेरिकन सरकारकडे दाद मागितली, अमेरिकेने म्हटलं की हा खुल्या आकाशाच्या कराराचा भंग आहे, आम्हीही तुमच्या कंपनीवर उलट कारवाई करू शकतो. युरोपीय आयोगाचाही आक्षेप होताच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने तो बेत स्थगित केला.

टिटवी

म्हणजे धावपट्टीशेजारी राहणाऱ्याला रात्री झोप हवी असेल तर त्याने वॉशिंग्टनला विचारायचं?

पंखवेडा

वॉशिंग्टनला, ब्रुसेल्सला, आणि कंपन्यांच्या वकिलांनाही. आवाज कमी करायचा तर आधी मोजदाद, मग बाकीचे उपाय करून बघा, कमी आवाजाची विमानं, रात्रीची शुल्कं वाढवणं, आणि उड्डाणं घटवणं सगळ्यात शेवटी. हा क्रम युरोपच्या नियमांतच घालून दिलेला आहे. उद्या दुपारी वेळ मिळाला तर त्यातली पायरी-पायरी लिहितो, आत्ता डोळे मिटताहेत.